शब्दवेध : वारसा

‘वारस’ हा शब्द अरबी ‘वारिस’वरून फारसीमार्गे मराठीत आला. खेडच्या तलाठ्याकडे गाव नमुना ६-क मध्ये वारसाचं नाव चढतं, ते खातेदार गेल्यावर. संगणकातला वारसा वेगळा. नॉर्वेच्या डाल आणि न्यूगार्ड यांनी १९६७ मध्ये ‘सिम्युला ६७’ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वर्ग-उपवर्ग आणले. ‘खाते’ या वर्गात शिल्लक आणि भरणा एकदा लिहिला, की ‘बचत खाते’ या उपवर्गाला तो आयता मिळतो. व्याजाचं तेवढं नव्यानं लिहायचं. इथे कुणी जात नाही, वाटणीही होत नाही. उलट, मूळ वर्गात केलेली दुरुस्ती उपवर्गातही उतरते. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच मिळणाऱ्या हक्काला विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ या धर्मशास्त्रावरच्या टीकेत ‘अप्रतिबंध दाय’ म्हटलं आहे. संगणकातल्या वारशाशी हीच कल्पना अधिक जुळते. मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्यांनी ‘दाय’ हा शब्द जरूर वापरून पाहावा.