कोरड्या नद्यांची साथ

हिवताप म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर श्रावणातील चिखल, तुंबलेली गटारे आणि दारापुढचे डबके उभे राहते. पाऊस आणि ताप यांची ही सांगड मनात इतकी रुजली आहे की, अवर्षणाच्या साली निदान हे एक संकट तरी टळेल असे मानण्याकडे आपला कल होतो. सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, १९३४-३५ साली जे घडले ते या समजुतीच्या नेमके उलट होते.

त्या बेटाचे दोन भाग पडतात. उत्तरेचा व पूर्वेचा कोरडा प्रदेश हा अनुराधपुराच्या भग्नावशेषांचा व जुन्या तलावांचा मुलूख. हिवताप तेथे पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता. नैर्ऋत्येचा भाग मात्र भरपूर पावसाचा, दाट वस्तीचा व नारळ-रबराच्या बागांचा. हा मुलूख निरोगी समजला जाई आणि त्याला कारणही होते. महा ओया, देदुरु ओया, केलणी गंगा या नद्या (सिंहली भाषेत कोणत्याही मोठ्या नदीला ‘गंगा’च म्हणतात) भरून वाहत असल्या म्हणजे डासांची अंडी व अळ्या प्रवाहाबरोबर वाहून जात. नदीचे वाहते पाणी हेच त्या प्रदेशाचे संरक्षण होते.

ज्या डासामुळे सिलोनात हिवताप पसरतो त्याचे शास्त्रीय नाव ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस. आमच्या इंदूरच्या वाचकांना हे वाचून नवल वाटेल की, जाइल्स यांनी १९०१ साली या जातीचे पहिले वर्णन केले ते नर्मदाकाठच्या होशंगाबादेतील, म्हणजे आजच्या नर्मदापुरम्‌मधील, नमुन्यांवरून. आजच्या संशोधनाप्रमाणे ही एकच जात नसून दिसण्यात सारख्या अशा पाच जातींचा समूह आहे आणि त्यांतील सगळ्याच सारख्या घातक नाहीत. या डासाला घाणेरडे पाणी नको असते. स्वच्छ, उथळ आणि उन्हात तापलेले पाणी त्याला आवडते. माणसापेक्षा गुरांचे रक्त त्याला अधिक प्रिय. म्हणून संख्येने थोडा असेपर्यंत त्याचा उपद्रव बेताचाच राहतो. पण त्याचे थवेच्या थवे निपजले म्हणजे गोठ्याशेजारच्या घरातील माणसेही सुटत नाहीत.

१९३४ साली नैर्ऋत्येचा मोसमी पाऊस अपुरा पडला. नद्यांची धार तुटली. पात्रात उरली ती खडकांच्या खळग्यांतील आणि वाळूतील निवळशंख डबकी. त्या पाण्यात उतरणाऱ्या कोणालाही ती रोगाची जन्मस्थाने वाटली नसती. त्यांवर ऊन पडत होते आणि त्यांना ढवळणारा पूर येत नव्हता. अशा पाण्यात अंड्यापासून डास होण्यास साधारण दोन आठवडेही लागत नाहीत. नदी वाहती असताना जी रक्षणकर्ती होती, तीच आटल्यावर मैलोगणती पसरलेली डासांची पैदासभूमी झाली.

ऑक्टोबरच्या अखेरीस ताप सुरू झाला. डिसेंबर-जानेवारीत केगल्ल, कुरुनेगल या भागांतील दवाखान्यांपुढे माणसांची रीघ लागली. सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या त्या बेटात काही महिन्यांत १५ लाखांच्या आसपास लोक आजारी पडले आणि जवळजवळ ८०,००० दगावले. त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा होता. कोरड्या प्रदेशातील लोकांना वारंवारच्या तापाने थोडीफार प्रतिकारशक्ती आली होती. निरोगी मुलखातील लोकांजवळ ती नव्हती, म्हणून तडाखा त्यांनाच अधिक बसला.

चौकशीसाठी आलेल्या तज्ज्ञांत कर्नल गिल हे होते. पंजाबात पावसाच्या मानावरून हिवतापाच्या साथीचे भाकीत करण्यात त्यांनी वर्षे घालविली होती. तेथे अतिवृष्टीमागून साथ येई, येथे अवर्षणामागून आली होती! सरकारी अहवालांचा रोख पर्जन्यमान, नद्या आणि डास यांवर राहिला. खेड्यांतून औषध व अन्न घेऊन फिरलेल्या तरुणांना निराळे दिसले. जागतिक मंदीने रबराचे व नारळाचे भाव कोसळून माणसे आधीच अर्धपोटी झाली होती. डॉ. एस. ए. विक्रमसिंघे आणि एन. एम. परेरा हे या कार्यकर्त्यांतील प्रमुख. डाळ वाटणाऱ्या परेरांना लोक ‘परिप्पु महत्तया’, म्हणजे डाळवाले साहेब, म्हणू लागले. डिसेंबर १९३५ मध्ये या मंडळींनी लंका समसमाज पक्ष स्थापिला आणि पुढच्याच वर्षी परेरा केगल्ल भागातील रुवनवेल्ल येथून निवडून आले. आमच्या मते दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ताप एवढा का पसरला हे कोरड्या नदीवरून कळते; एवढी माणसे का मेली हे मात्र केवळ डासाकडे पाहून कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी.ची फवारणी सुरू झाली आणि १९६३ साली संबंध बेटात हिवतापाचे अवघे १७ रोगी नोंदले गेले. फवारणी सैल पडली. पुन्हा पाऊस कमी झाला, रत्नांसाठी खणून टाकून दिलेल्या खड्ड्यांत पाणी साचले आणि १९६९ साली रोग्यांची संख्या ५ लाखांवर गेली. त्यानंतरचा लढा लांबला व त्यात यादवी युद्धाचीही भर पडली. अखेर २०१६ च्या सप्टेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले.

पुढच्याच वर्षी एक वृत्त प्रसिद्ध झाले. बेटाच्या वायव्येस, मन्नारच्या कोरड्या भागात, पूर्वी त्या देशात कधी न आढळलेला ॲनॉफिलिस स्टिफेन्सी हा डास सापडला होता. लिस्टन यांनी १९०१ साली वऱ्हाडातील एलिचपुरास, म्हणजे अचलपुरास, ज्याचे वर्णन केले आणि १९११ च्या अहवालात बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा दोष ज्याच्यावर ठेवला, तोच हा. बेंटलींना तो मुंबईच्या विहिरींत सापडला होता. मन्नारलाही तो विहिरींतच मिळाला.