विमानास तारण काय?

आमच्या अनसिंगच्या शाखेत म्हशीला कर्ज मिळते, ट्रॅक्टरला मिळते, विहिरीला तर मिळतेच. विमानाचा फॉर्म मात्र अद्याप छापलेला नाही. "साहेब, इमानाले काय गहान ठेवा लागते?" असे एका सोयाबीनवाल्या काकांनी विचारले. वऱ्हाडात विमानाचे इमान होते, त्यामुळे प्रश्न क्षणभर फारच खोल वाटला. मग मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने थेट इतिहासात शिरलो.

राइट बंधूंचे पहिले विमान 1903 साली हजार डॉलरांच्या आत झाले. पैसा सायकलच्या दुकानाचा. त्याच वेळी लँग्ली नावाच्या विद्वानाला सरकारने पन्नास हजार डॉलर दिले होते. त्याचे यंत्र 8 डिसेंबरला पोटोमॅक नदीत पडले. नवव्या दिवशी हे भाऊ उडाले. अनुदान आणि पाणी यांचा संबंध असा जुना आहे.

पुढे अमेरिकेत छोटी विमाने मोटारीसारखी खपू लागली. 1978 साली सतरा हजार आठशेवर विमाने तयार झाली. आणि 1994 साली? अवघी 928! लोखंड-ॲल्युमिनियम महागले म्हणून नव्हे हो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी विकलेले विमान कुठे आपटले, की कंपनीवर खटला. विम्याचा हप्ता गिऱ्हाइकाच्या बिलात. शेवटी 1994 मध्ये कायद्याने अठरा वर्षांची मुदत घातली.

2004 साली तिथे 'हलक्या' विमानांचा वेगळा नियम आला : दोन माणसे, वजन सहाशे किलोंपर्यंत. आता स्वस्ताई होणार! सेस्ना कंपनीने 2007 साली 'स्कायकॅचर' जाहीर केले, किंमत 1,09,500 डॉलर. हजाराच्या घरात नोंदणी झाली. स्वस्त पडावे म्हणून विमान चीनमध्ये बनवले. 2011 पर्यंत किंमत दीड लाखाला टेकली आणि नोंदणीवाले हळूच पाठ फिरवू लागले. 2013 मध्ये काम बंद. विकली गेली 192. उरलेली पुढे मोडीत काढली. कोरी करकरीत विमाने भंगारात! हे वाचून माझ्यातल्या कारकुनाला दोन घास कमी गेले.

आपल्याकडचा गडी याहून चिवट. कॅप्टन अमोल यादव, नोकरी वैमानिकाची. कांदिवलीला चारकोपात इमारतीच्या गच्चीवर विमान बांधायचे! 1998 पासूनचे पहिले दोन प्रयत्न साधले नाहीत. 2009 साली तिसरे धरले, सहा आसनांचे. घरच्यांनी दागिने, घर यांवर पैसा उभा केला. खर्च काही कोटींवर गेला. (अशा कर्जाचे 'प्रयोजन' या रकान्यात काय लिहायचे, सांगा बरे.) 2016 च्या फेब्रुवारीत विमान गच्चीवरून क्रेनने उतरवून बीकेसीच्या प्रदर्शनात मांडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना नोंदणी क्रमांक नसतो. तो नोव्हेंबर 2017 मध्ये मिळाला. 2018 साली राज्य सरकारशी पस्तीस हजार कोटींचा करार झाला, पालघरात दीडशे एकरांवर जमिनीची गोष्ट निघाली. तरी उडण्याचा परवाना यायला 2019 चा ऑक्टोबर उजाडला. म्हणजे विमान बांधायला जेवढी वर्षे, त्याच्या निम्मी तरी कागदांना!

2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले एकदाचे. कांदिवलीच्या त्या गच्चीवर आता पापड वाळत असतील.