मैदानाची चावी

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठेही जा, मैदानाच्या फाटकाला साखळी असते आणि साखळीला कुलूप. बाजूला पाटी: सकाळची वेळ, संध्याकाळची वेळ, सीझन बॉलला मनाई, सायकलला मनाई, कुत्री आणू नयेत. कुंपणाच्या मागच्या कोपऱ्यात मात्र एखादा गज हमखास वाकवलेला असतो. दहा-बारा वर्षांचं पोरगं आडवं होऊन आत सरकेल एवढाच. या कुलपाची चावी आजवर कुणाकुणाच्या हातातून फिरली, हे पाहण्यासारखं आहे.

मुंबईचं उपनगर साष्टी बेटावरच्या गावांचं बनलेलं आहे. मरोळ, आंबोली, चकाला, गुंदवली ही नावं आता रिक्षावाल्याला सांगण्यापुरती उरली असली तरी ती मूळची गावठाणं. गावाभोवती भातखाचरं आणि पलीकडे गुरचरण. कुंपण पिकाला असे, चराईला नसे. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी नकोशी झालेली माणसं रेल्वेच्या कडेकडेने उत्तरेला सरकू लागली. १९१५ साली नगररचनेचा कायदा आला, १९२० साली उपनगर जिल्हा झाला. नगररचना योजनेत शेतांचे वाकडेतिकडे तुकडे एकत्र करून सरळ भूखंड पाडले जात, आणि त्यातच रस्त्यासाठी, शाळेसाठी, बागेसाठी जागा सोडली जाई. मुलुंड पश्चिमेला आजही काटकोनात छेदणारे रस्ते दिसतात, ते १९२२च्या आराखड्यातले. मैदानाला अंतिम भूखंड क्रमांक मिळाला तो इथे, आणि त्याच दिवशी मैदानाला शेजारीही मिळाले. समोर मोकळी जागा आहे म्हणून चार पैसे जास्त मोजून घर घेणारा माणूस त्या जागेवर मनाने हक्क सांगणारच. त्यात गैर काही नाही.

घाटकोपर आणि अंधेरी १९५०मध्ये महापालिकेत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७मध्ये. पाठोपाठ १९६६चा प्रादेशिक व नगररचना कायदा आणि १९६७ची विकास योजना. नकाशावर हिरवे चौकोन भरपूर पडले, पण त्याखालची जमीन बहुतेक ठिकाणी खासगी मालकाची. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालकाने नोटीस द्यायची आणि मुदतीत पालिकेने हालचाल केली नाही तर आरक्षण रद्द, अशी कायद्यात तरतूद. पैसे नाहीत म्हणून संपादन नाही, असं वर्षानुवर्षं चाललं. जी जागा ताब्यात आली तिच्यावर रातोरात झोपड्या उठतील, ही दुसरी धास्ती. उपनगरातल्या मैदानांभोवतीची पहिली भिंत या धास्तीने उभी राहिली. फेरफटका मारणाऱ्यांना किंवा खेळणाऱ्यांना अडवायला ती बांधलेली नव्हती.

भिंत झाली, पण राखायला माणूस कुठून आणायचा? नव्वदच्या दशकात पालिकेने वाट काढली: मैदान ‘केअरटेकर’ला द्यायचं. संस्थेने देखभाल करायची, त्या बदल्यात काही भागावर बांधकामाची मुभा. यातून काही ठिकाणी खरोखर झाडं लागली, दिवे लागले. अनेक ठिकाणी मात्र क्लब उभे राहिले, सदस्यत्वाची फी आली, आणि भूखंड दत्तक घेणाऱ्यांत राजकीय पुढाऱ्यांच्या संस्था ठळकपणे दिसू लागल्या. चावी पालिकेच्या माळ्याकडून क्लबच्या सेक्रेटरीकडे गेली ती अशी. २००७ साली मुख्यमंत्री विलासराव देशमुखांनी या धोरणाला स्थगिती दिली. जानेवारी २०१६मध्ये पालिका सभागृहाने नवं धोरण मंजूर केलं, तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी ते थांबवलं आणि दिलेले दोनशेहून अधिक भूखंड परत घ्यायला सांगितलं. २०२३मध्ये पुन्हा मसुदा आला. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२मध्येच संपली होती. कारभार प्रशासकाच्या हाती होता. आपल्या गल्लीतल्या मैदानाबद्दल जाब विचारायला हक्काचा माणूसच नव्हता, आणि ज्या शहरात माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगितली जाते तिथे हे फार मोठं नुकसान होतं.

आता शेजाऱ्यांची बाजू. मैदानाला लागून राहणं किती सोसावं लागतं, हे नवरात्रात बोरिवलीला पाहावं. २०००च्या ध्वनी नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. वर्षातले १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार सरकारला. खिडकीत आजारी माणूस असेल, पोरांची परीक्षा असेल, तर ती सूट कशी लागते हे त्या घरालाच कळतं. दादरच्या रहिवाशांनी कोर्टात जाऊन २०१०मध्ये शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवून घेतलं, तेव्हा सभा-मेळाव्यांवर बंधन आलं. क्रिकेट चालू राहिलं, कट्ट्यावरच्या गप्पा चालू राहिल्या. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. आवाजाचा त्रास आवाजावर बंधन घालून मिटवता येतो, त्यासाठी फाटक बंद करावं लागत नाही.

आणि शेजारी नसते तर कित्येक मैदानं आज राहिलीच नसती. जुहूच्या पुष्पा नरसी पार्कखाली वाहनतळ खणण्याचा बेत आला तेव्हा विरोधाला उभे राहिले ते रोज तिथे चालायला येणारे रहिवासीच. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये रहिवाशांनी कचऱ्याची जबाबदारी घेतली आणि पुढे शहरभर ‘एएलएम’ (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) गट निघाले, ते याच जिव्हाळ्यातून. पण याच जिव्हाळ्याच्या पोटी ‘बाहेरची पोरं नकोत’ हे वाक्यही येतं, आणि तिथे मी शेजाऱ्यांच्या बाजूने उभा राहू शकत नाही. मागच्या चाळीतलं पोरगं बाहेरचं नाही. गज त्यानेच वाकवलेला असतो, कारण पाटीवरची वेळ त्याच्या शाळेच्या सत्राशी जुळत नाही.

पुनर्विकासाने गुंता आणखी वाढवला आहे. १९९१च्या नियमांनुसार हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर आकारानुसार १५ ते २५ टक्के जागा मोकळी सोडावी लागे. तीच सोसायटीची आर.जी., म्हणजे रिक्रिएशन ग्राउंड. बिल्डर ती पोडियमवर चढवू लागले, तेव्हा २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की ही किमान जागा जमिनीवरच हवी. ती जागा त्या लेआउटमधल्या रहिवाशांची, हे मान्य. मात्र तिथली शिस्त रस्त्यापलीकडच्या सार्वजनिक मैदानालाही लागू करा, अशी मागणी टॉवरमधून होते, आणि वॉर्ड ऑफिस पुष्कळदा ती निमूट मान्य करतं.

दत्तक धोरणाचा मसुदा पुन्हा येईल. त्यात क्लब, फी, बांधकाम याआधी एक कलम हवं: चावी वॉर्ड ऑफिसची, उघडण्याची आणि बंद करण्याची वेळ पाटीवर, तक्रारीचा फोन नंबर त्याच पाटीवर. आणि वेळ बदलायची असेल तर बैठकीची नोटीस समोरच्या सोसायट्यांच्या बोर्डावर लागेल तशीच मागच्या चाळीच्या जिन्यातही लागली पाहिजे.