अळीचं पंचांग

गुडघ्यावर पँट ओली होतेय, होऊ द्या. ऑगस्टचा पहिला पंधरवडा आहे, सकाळचे साडेसात. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातल्या काळ्या रानात, फुलावर आलेल्या सोयाबीनच्या दोन ओळींमध्ये तुम्ही बसला आहात. शेजारी कीड सर्वेक्षक आहे, पंचविशीच्या आतली मुलगी, ओढणी डोक्याला गच्च बांधलेली. ती दोन ओळींत पांढरं कापड अंथरते, मीटरभर अंतर मोजते आणि दोन्ही बाजूंची झाडं कापडावर वाकवून हलवते. टपटप काहीबाही पडतं. गळालेली फुलं, एक कोळी, एक ढालकिडा आणि दोन अळ्या.

बांधावरून शेतमालक येतात.

“किती निघाल्या, बाई?”

“दोन, मामा. मीटरभरात दोनच.”

“दुकानदार तर म्हणलाय, आजच मारून घ्या.”

“आज नका मारू. तीन-चार झाल्या की मीच फोन करते तुम्हाला.”

मामा बोलत नाहीत. बांधावर पंप भरून ठेवलेला आहे, तो ते उचलत नाहीत. या एका न उचललेल्या पंपामागे किती वर्षांची, किती माणसांची मेहनत आहे, ते बघायला आज तुम्हाला बरंच मागे आणि थोडं पुढे जायचं आहे.

निघण्याआधी ती मुलगी तुम्हाला एका शेंड्याकडे बोट दाखवते. पानाच्या टोकाला एक अळी चिकटली आहे. पांढरीफटक, खडूसारखी कडक. हात लावला तर मोडेल. तिला कुणी औषध मारलेलं नाही. नोमुरिया नावाच्या बुरशीनं तिला आतून पोखरलं आहे. दोन दिवसांत हा पांढरा रंग फिकट हिरवा होईल, बीजाणू वाऱ्यावर उडतील आणि शेजारच्या झाडावरच्या अळ्यांना तीच लागण होईल. ढगाळ हवा, रिमझिम, दमट गारवा असला की ही बुरशी आपल्या शेतकऱ्याचं काम फुकटात करते. एका डबीत ही मेलेली अळी घ्या, दुसऱ्या डबीत कापडावरची जिवंत. दोन्ही खिशात ठेवा.

परभणी. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, कीटकशास्त्र विभागाची प्रयोगशाळा. आत शिरल्याबरोबर एरंडीच्या पानांचा आणि अळ्यांच्या लेंड्यांचा मिसळलेला वास नाकात जातो. टेबलावर प्लास्टिकच्या डब्यांची चळत आहे, तोंडाला मलमलीचं कापड आणि रबर. प्रत्येक डबीवर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख. एम.एस्सी.चा एक विद्यार्थी बारीक कुंचल्याच्या टोकावर नुकती फुटलेली अळी उचलून ताज्या पानावर ठेवतो आहे. चिमट्यानं उचलली तर ती मरते, म्हणून कुंचला. आज रविवार आहे. अळीला सुटी कळत नाही, त्यामुळे त्यालाही नाही.

भिंतीलगत फ्रिजसारखी कपाटं उभी आहेत. इथं त्यांना बीओडी म्हणतात. आतलं तापमान हवं तेवढं ठेवता येतं. एका कपाटावर 26 आकडा लागलेला, दुसऱ्यावर 28. तुमच्या डबीतली जिवंत अळी म्हणजे तंबाखूवरची पानं खाणारी अळी, स्पोडोप्टेरा. तिच्या दोन बहिणी एकाच दिवशी अंड्यातून निघाल्या आणि या दोन कपाटांत गेल्या, तर त्यांचं आयुष्य एका वेगानं चालणार नाही. कपाटाची मूठ फिरवा. दार उघडेल तेव्हा तुम्ही परभणीत नसाल.

पॅरिस, 1730चं दशक. हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे 280 आहे, तुमच्या 2020 नंतरच्या जगात तो 420च्या वर गेला. रेओम्यूर नावाचा शास्त्रज्ञ काचेच्या उबदार घरात फुलपाखरांचे कोष ठेवतो आहे. बाहेर कडाक्याची थंडी, आणि आतल्या कोषांतून भर हिवाळ्यात फुलपाखरं बाहेर पडताहेत. तेच कोष गार तळघरात ठेवले की महिनोन् महिने झोपून राहतात. याच माणसानं तापमापक बनवला, कीटकांवर जाडजूड ग्रंथ लिहिले, आणि 1735 साली रोजच्या तापमानांची बेरीज करून पिकाचं पिकणं त्या बेरजेशी जोडून दाखवलं. किड्याचे दिवस आपल्या दिनदर्शिकेवर मोजू नका, अंगात किती ऊब साठली त्यावर मोजा, हे त्यातून पुढे आलेलं सूत्र. अळीचं पंचांग उन्हावर चालतं.

परत या. पण थेट घरी येऊ नका.

1918. निजामाच्या राज्यात परभणीला शेतीच्या प्रयोगांसाठी शिवार राखून ठेवलं जातंय. आसपास गावरान कपाशी आणि ज्वारी, सोयाबीनचं नावही कुणी ऐकलेलं नाही. इथं फार वेळ थांबू नका.

18 मे 1972ला मात्र थांबा. मराठवाड्याला स्वतःचं कृषी विद्यापीठ मिळालं तो हा दिवस. मागणीसाठी माणसं रस्त्यावर उतरली होती. आणि मिळालं ते कोणत्या साली? दुष्काळाच्या. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातलंच एक गाव आहे. वेगळा जिल्हा व्हायला 1 मे 1999 उजाडेल. तुम्ही रस्त्यानं चालता तेव्हा दोन्ही बाजूंना बायामाणसं खडी फोडताहेत. तव्यावर परदेशातून आलेल्या मिलो या लाल ज्वारीच्या भाकरी. अशा वर्षी किडे मोजायला माणसं नेमणं ही चैन वाटली असेल कुणाला. मला तसं वाटत नाही. उपाशी माणसाच्या ताटात जे थोडंसं पडणार आहे, त्यातला वाटा किड्यानं नेऊ नये, याची काळजी त्याच वर्षी जास्त लागते. त्याच 1972 साली हैदराबादजवळ पटांचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली.

सतरा वर्षं पुढे. 1989, पटांचेरू. तिथल्या कीटकशास्त्रज्ञांनी तुमच्या खिशातल्या अळीचं पंचांग आकड्यांत मांडलं आहे. 10 अंश सेल्सिअसच्या खाली तिची वाढ थांबते. त्याच्या वर रोज जितके अंश, तितकी ऊब तिच्या खात्यात जमा होते. अळी म्हणून वाढायला तिला 303 दिवस-अंश लागतात, कोषातून पतंग व्हायला 155. आता पाटी घ्या आणि स्वतः गणित करा. रोजचं सरासरी तापमान 26 असेल तर दिवसाला 16 अंश जमा. एकूण 458 भागिले 16, साडेअठ्ठावीस दिवस. तापमान 28 झालं तर दिवसाला 18, म्हणजे साडेपंचवीस दिवस. दोन अंशांनी तिचे तीन दिवस वाचले. सोयाबीन साधारण 95-100 दिवसांत हातात येतं. तेवढ्यात तिच्या तीन पिढ्या झाल्या तर नऊ दिवस वाचले, आणि एकेका मादीची अंडी शेकड्यांत असतात. मीटरभर ओळीत दोन अळ्या दिसणं आणि दहा दिसणं यात कधी कधी एवढ्याच दिवसांचं अंतर असतं.

(हे गणित अमर्याद चालत नाही, हेही तिथल्याच माणसांनी सांगितलं आहे. 37 अंशांच्या वर उष्मा अळीलाच बाधतो. म्हणून तर कपाटं लागतात, रविवार लागतात. नुसत्या भागाकारानं भागलं असतं तर प्रयोगशाळा कशाला?)

2008चा खरीप. आता सगळीकडे सोयाबीनच सोयाबीन आहे. तुम्ही रानात उतरता आणि पायाखालून करकर आवाज येतो. पानांच्या नुसत्या शिरा उरल्या आहेत, चाळणीसारख्या. विदर्भ आणि मराठवाड्यात त्या वर्षी याच अळीनं सोयाबीन खाऊन टाकलं. तुमच्याजवळचा शेतकरी विचारतो, ही आली कुठून, एका रात्रीत? ती एका रात्रीत आलेली नाही. तीन आठवडे ती इथंच होती, पानाच्या खालच्या बाजूला, पुंजक्यानं. गावोगाव फिरून तिला मोजणारं कुणी नव्हतं. पुढच्याच वर्षी, 2009-10 मध्ये, राज्यानं क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. ठरलेल्या गावांत ठरलेल्या दिवशी किडी मोजायच्या, आकडे वर पाठवायचे, कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ते वाचून सल्ला द्यायचा. सकाळी भेटलेली ओढणीवाली मुलगी या साखळीतली पहिली कडी आहे. परभणीतला कुंचलावाला विद्यार्थी दुसऱ्या टोकाला.

2017. पैनगंगेपलीकडचा यवतमाळ जिल्हा. गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीला जुमानणं सोडलं होतं, आणि फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. इथं मान खाली घालून उभे राहा. किती किडे आहेत हे न मोजता पंप खांद्यावर चढवला की त्याची किंमत बाटलीच्या छापील दरापुरती राहत नाही.

आणि 2023चा ऑगस्ट, हा तर तुम्ही स्वतः पाहिलेला आहे. 1901पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. आभाळ निळंभोर, सोयाबीन माना टाकलेलं. खिशातली पहिली डबी काढा, खडूसारखी अळी असलेली, आणि शेंड्याशेंड्यांवर तिची जोडीदार शोधा. मिळणं कठीण आहे. ओलावा नाही तर बुरशी वाढणार कशी? उलट पांढरी माशी कोरड्या उबाऱ्यात फोफावते, आणि त्या वर्षी तिच्यामार्फत पिवळा मोझॅक हा रोग रानोरान पसरला. हवामान बदलतंय म्हणजे काय, ते मला या दोन डब्यांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्या आलेखात दिसत नाही. 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशानं वाढलं. आकडा लहान वाटतो. पण अळी, तिच्यावर जगणारी बुरशी, तिला खाणारा ढालकिडा, तिच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालणारी गांधीलमाशीच्या कुळातली इवलीशी ट्रायकोग्रामा, या सगळ्यांची पंचांगं वेगवेगळी आहेत. ऊब वाढली, पावसात खंड पडला, की ती एकमेकांशी जुळेनाशी होतात. शत्रू लवकर जन्मतो आणि मित्र उशिरा पोचतो.

एकदाच पुढे जाऊन या. 2050च्या आसपासचा एखादा ऑगस्ट. तो कसा असेल हे कुणीही छातीठोक सांगू नये, पण काही गोष्टी आजच कळल्या आहेत. हैदराबादच्या क्रिडा या कोरडवाहू शेतीच्या संस्थेत वरून उघड्या पारदर्शक कोठड्यांत कार्बन डायऑक्साइड वाढवून एरंडी आणि भुईमूग वाढवले, आणि ती पानं याच अळीला खायला घातली. अशा पानांत नत्र कमी भरतं. मग अळी पोट भरायला जास्त पान खाते. 2018 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की जगाची उष्णता एकेका अंशानं वाढेल तसं गहू, भात आणि मका यांचं किडींमुळे होणारं नुकसान 10 ते 25 टक्क्यांनी वाढेल. त्या रानात उभे राहून आजूबाजूला बघा. कुणी पांढरं कापड अंथरून बसलेलं दिसतंय का? मला त्याचीच धास्ती वाटते. किडा येईल, तो येणारच आहे. त्याला मोजणारं माणूस तिथं असेल का?

बीओडीचं दार लावा. तुम्ही परभणीत परत आला आहात. विद्यार्थ्यानं शेवटच्या डबीवर आजची तारीख टाकली आहे, आता तो वहीत लिहितो आहे. 26 अंश, तिसरी अवस्था, अकरा जिवंत, एक मेली. 28 अंश, चौथी अवस्था, दहा जिवंत, दोन मेल्या. अक्षर फार चांगलं नाही, पण गेल्या दीड महिन्यात एकही ओळ कोरी नाही.

या माणसांसाठी मला दोन गोष्टी मागायच्या आहेत. एक सरकारकडे. किडी मोजणाऱ्यांची आणि त्यांचे आकडे वाचणाऱ्यांची पदं रिकामी ठेवू नका. दहा वर्षांची नोंद एका वर्षाच्या खंडानं तुटते आणि मागाहून कितीही पैसा ओतला तरी तो ऑगस्ट परत मोजता येत नाही.

दुसरी तुमच्याकडे. तुमचं सोयाबीन असो, कपाशी असो की वसमतच्या हळदीशेजारची तूर, यंदा एकरी दोन कामगंध सापळे लावा. ज्या किडीचा सापळा, त्याच किडीचा ल्यूर, म्हणजे गंधाचं आमिष, घ्या आणि तीन-चार आठवड्यांनी बदला. रोज सकाळी त्यात अडकलेले पतंग मोजा आणि शाळेच्या साध्या वहीत तारखेपुढे आकडा लिहा, शून्य असलं तरी. त्या दिवशी पाऊस पडला का, तेही लिहा. हंगाम संपला की वही रद्दीत देऊ नका. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीला विद्यापीठात नेऊन दाखवा.