मातींतील शर्यत आणि यंत्राची निगा

पिशोरच्या काळ्या मातीशीं ज्याचा संबंध आला आहे, त्याला चाकाची निगा म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. आमच्या कन्नड तालुक्यांत पावसाळ्यांत ही माती चाकाला अशी धरते कीं, बैलांनींहि मान टाकावी. आंसाला वंगण न देतां गाडी जुंपणारा शेतकरी गांवांत आळशी समजला जाई. आज मी ज्या यंत्राविषयीं बोलणार आहें, तें बैलगाडीहून फार निराळें. परंतु त्याचा शत्रु हीच माती, आणि त्याला तारणारा हातहि तोच वंगणाचा. तें यंत्र म्हणजे मोटोक्रॉस नांवाच्या शर्यतीची मोटारसायकल. आपल्या घरगुती भाषेंत, फटफटी.

या खेळाचा उगम इंग्लंडांत झाला. २९ मार्च १९२४ रोजीं सरे परगण्यांतील कॅम्बर्ली येथें कांहीं हौशी मंडळींनीं डोंगरउतार, ओढे आणि चिखल यांतून सरळ वेगाची शर्यत लावली. तोंवर अशा चढाओढींत स्वारानें पाय न टेकतां वाट काढली कीं नाहीं, हें पंच पाहत. येथें जो आधीं पोंचेल तो जिंकला, एवढाच नियम. पुढें फ्रेंच व बेल्जियन लोकांनीं ‘मोटोसिक्लेत’ व ‘क्रॉस-कंट्री’ हे दोन शब्द जोडून ‘मोटोक्रॉस’ हें नांव रूढ केलें. दुसरें महायुद्ध संपल्यावर १९४७ सालीं हॉलंडमधील वासेनार येथें राष्ट्राराष्ट्रांची शर्यत झाली व ती ब्रिटननें जिंकली. १९५७ सालीं जागतिक विजेतेपद सुरू झालें, आणि त्याचा पहिला मानकरी स्वीडनचा बिल निल्सन हा ठरला.

येथवर झाला तो विजेत्यांचा इतिहास. परंतु मला वाटतें, या खेळाचा खरा इतिहास निगराणीचा आहे. यंत्र जसजसें बदललें, तसतसें तें सांभाळणाऱ्या हातांना नवें शिकावें लागलें.

प्रारंभींचीं यंत्रें जड, चार फेरांच्या इंजिनाचीं होतीं. १९६४ व १९६५ सालीं जेफ स्मिथ यानें बी. एस. ए. या ब्रिटिश गाडीवर मोठ्या वर्गाचें जगज्जेतेपद मिळविलें. लगेच १९६६ सालीं पूर्व जर्मनीचा पाउल फ्रीडरिक्स हा चेकोस्लोव्हाकियांतील सी. झेड. गाडीवर जिंकला, आणि तीन वर्षें जिंकतच राहिला. ही गाडी दोन फेरांच्या इंजिनाची. वजनानें हलकी आणि अंगीं थोडे भाग असलेली. हिच्या इंजिनांत झडपा नाहींत. पिस्टन वरखालीं होतांना स्वतःच वाटा उघडतो व मिटतो. हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दट्ट्याखालच्या पेटींतूनच वर जातें. म्हणून तेथें निराळें तेल भरतां येत नाहीं. तेल पेट्रोलांतच मापून मिसळावें लागतें. तें विसरलें कीं सर्वनाश!

हा सर्वनाश मीं अनुभवला आहे. आपल्या देशांत १९६१ सालापासून म्हैसूर येथें चेक तंत्रावर जावा गाड्या बनूं लागल्या, आणि दोन फेरांच्या गाड्यांचा आवाज खेड्यांतहि ओळखीचा झाला. माझ्याजवळहि त्याच जातीच्या इंजिनाची एक जुनी गाडी होती. एके वर्षीं एका हुशार विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठीं मागें बसवून मी पहांटे कन्नडला निघालों. घाईंत पेट्रोल भरलें. तेल राहून गेलें. वाटेंत पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरमध्यें रुतून बसला. मागचें चाक जागीं अडकलें, आणि आम्ही दोघे मुरुमावर घसरलों. खरचटण्यावर निभावलें, परंतु परीक्षा बुडाली. मुलानें किंवा त्याच्या वडिलांनीं मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. तो दोष मी आजवर स्वतःच वाहत आलों आहें.

पुन्हां इतिहासाकडे वळूं. १९७३ सालीं स्वीडनच्या हाकन अँडरसननें यामाहा गाडीवर २५० सी. सी. वर्गाचें जगज्जेतेपद मिळविलें. तिच्या मागच्या चाकाला दोन बाजूंस दोन नव्हे, तर मध्यें एकच धक्का-शोषक होता; ती कल्पना लुसिएं टिल्केन्स या बेल्जियन गृहस्थाची. पुढें इतरांनींहि हाच मार्ग धरला. पूर्वीं मागचें चाक चारेक इंच हालत असे. आज तें फूटभर वरखालीं होतें. याचा परिणाम साखळीवरहि झाला. चाक वर जातांना साखळी ताणली जाते. म्हणून उभ्या गाडीची साखळी कांहींशी सैल ठेवावी लागते. नवशिका ती घट्ट आवळतो, आणि पहिल्याच मोठ्या उडीला साखळी किंवा बेअरिंग गमावतो.

१९९७ सालीं अमेरिकेंत डग हेन्री यानें लास वेगास येथें यामाहाच्या नव्या चार फेरांच्या गाडीवर बाजी मारली, आणि चक्र पुन्हां फिरलें. परंतु हीं नवीं इंजिनें जुन्यांसारखीं सोशीक नव्हत. तीं फार वेगानें फिरतात. त्यांच्या झडपांतील फट पातळ पोलादी पट्ट्यांनीं वारंवार मापावी लागते, व तेल थोड्याच तासांनीं बदलावें लागतें. येथें आयुष्य मैलांनीं मोजीत नाहींत, तासांनीं मोजतात. ठरलेले तास भरले कीं पिस्टन चांगला दिसत असला तरी बदलावा लागतो.

मात्र एक काम दोन्ही जातींच्या इंजिनांना सारखेंच. तें हवेच्या गाळणीचें. धुळीचा कण तेलांत मिसळला कीं त्याची कानशीच होते, आणि ती पिस्टनच्या कड्या व सिलिंडरची भिंत झिजवते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर स्पंजाची गाळणी धुवावी, पूर्ण वाळवावी, तिच्या खास तेलांत भिजवून हलकेंच पिळावी आणि कड नीट बसवावी. मग आरे वाजवून पाहावे, बोल्ट आवळावे. या कामाला टाळ्या मिळत नाहींत.

कॅम्बर्लीच्या त्या शर्यतीनंतर जवळजवळ शतकानें, म्हणजे २८ जानेवारी २०२४ रोजीं, पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलांत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत झाली. सुपरक्रॉस म्हणजे क्रीडांगणांत माती आणून रचलेल्या उंचवट्यांवरील मोटोक्रॉसच. त्या दिवशीं परदेशी स्वार आले, आणि आपल्याहि तरुणांनीं उड्या घेतल्या. प्रेक्षकांनीं स्वार पाहिले. गाड्यांपाशीं गुडघे टेकून बसलेले हात किती जणांनीं पाहिले असतील?

माझा तो विद्यार्थी आज गाड्या दुरुस्त करतो. मध्यंतरीं त्याच्या दुकानांत गेलों असतां तो एका शिकाऊ मुलाला सांगत होता, “आधीं तेलाचें माप, मग पेट्रोल.” मला पाहून तो हंसला व म्हणाला, “गुरुजी, हा धडा तुमच्याच गाडीवर शिकलों.” त्यानें तें प्रेमानें म्हटलें; मला मात्र क्षणभर उत्तर सुचलें नाहीं.

श्रोतेहो, आपल्या घरांतील एखादा मुलगा अशा यंत्राच्या नादीं लागला, तर त्याला वेगाबद्दल रागावण्यापूर्वीं एवढें विचारा : गाळणी केव्हां धुतलीस? उत्तर चटकन आलें, तर त्याच्या हातीं गाडी द्यायला हरकत नाहीं.