डाग आणि साक्ष

गोपैदाशीच्या संघाचें नांव काढलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वंशावळी, प्रदर्शनें आणि पदकें मिळविणारे वळू उभे राहतात. अमेरिकेंतील वायव्य टेक्सासच्या गोपालकांचा संघ मात्र चोरांच्या उपद्रवांतून जन्मास आला.

आमच्याकडील गुराखी गांवचीं पन्नास-साठ गुरें तोंडावरून ओळखतो. टेक्सासच्या माळरानांवर हजारों गुरें बिनकुंपणाचीं चरत. काटेरी तारेचा प्रसार अद्यापि व्हावयाचा होता. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत पुरुष लढाईस गेले आणि गुरें मोकाट वाढलीं. पुढें १८६७ पासून कॅन्ससांतील ॲबिलीन येथून तीं आगगाडीनें दूरच्या बाजारांत जाऊं लागलीं, तेव्हां त्यांस किंमत आली. आणि किंमतीपाठोपाठ चोर आले. मालकीचा पुरावा काय, तर कातड्यावरील डाग. तो सरकारदरबारीं नोंदविलेला असे खरा. पण दप्तर एका जागीं आणि गाय चालती! शेंकडों मैलांवर हांकून नेलेल्या जनावराचा डाग तेथें ओळखणार कोण?

१५ फेब्रुवारी १८७७ रोजीं ग्रॅहॅम या लहानशा गांवीं सुमारें ४० पशुपालक जमले ते याच विवंचनेनें. सी. एल. कार्टर अध्यक्ष झाले, जेम्स लव्हिंग चिटणीस. गुरें मिळून गोळा करावीं, एकमेकांच्या डागांवर सर्वांनीं नजर ठेवावी, असें ठरलें. पुढें बाजारांत व रवानगीच्या ठिकाणीं संघाचे तपासनीसही बसले. एकाच्या गाईस चाळीस साक्षीदार मिळाले, हेंच आम्हांस या संघाचें खरें भांडवल वाटतें.

परंतु साक्षीदारच मालक होऊं पाहील तर? वासरूं आईमागें असेंपर्यंत त्याचा धनी कळतो. आई सुटली कीं बिनडागी वासरूं कोणाचेंही. (टेक्सासच्या सॅम्युएल मॅव्हरिक यांचीं गुरें बिनडागी हिंडत, म्हणून अशा जनावरांस त्यांचें आडनांवच चिकटलें.) वायोमिंगमध्यें १८८४ च्या कायद्यानें हीं वासरें तेथील पशुपालक संघाच्या हवालीं झालीं. लहान शेतकऱ्यांस तो उघड अन्याय वाटला, आणि आम्हांसही वाटतो. १८९२ सालीं त्या संघांतील बड्या धन्यांनीं भाडोत्री बंदूकवाले जॉन्सन परगण्यांत धाडले; दोन माणसें मारलीं गेलीं आणि अखेर लष्कर आणावें लागलें.

टेक्सासचा संघ १८९३ मध्यें फोर्ट वर्थ येथें गेला, १९२१ मध्यें शेजारच्या दुसऱ्या संघाशीं एक झाला. पशुचोरीचा तपास करणारे त्याचे अधिकारी आजही त्या प्रांतांत हिंडत असतात.