नवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवूनही ‘चेक इंजिन’चा दिवा का पेटतो?

गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. कंपनीच्या मूळ भागाची किंमत ऐकून मालकाला धडकी भरते आणि तो बाजारात मिळणारा पर्यायी कन्व्हर्टर बसवून घेतो. पंधरा-वीस दिवस सुखाचे जातात आणि मग डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा पुन्हा पेटतो. गॅरेजवाला सेन्सरकडे बोट दाखवतो, दुकानदार बसवणाऱ्याकडे आणि मालक दोघांच्या मध्ये सापडतो. अशा वेळी एकेक भाग बदलत राहिल्यास कन्व्हर्टरवर वाचवलेले पैसे सेन्सरवर खर्च होतात. तपासणीचा क्रम ठाऊक असेल, तर बहुतेक प्रकरणांत कारण एका दुपारी सापडू शकते.

कोशांत या उपकरणाला ‘उत्प्रेरक परिवर्तक’ असे भारदस्त नाव आहे. गॅरेजमध्ये त्याला कोणी ‘कॅट’ म्हणतो, कोणी सरळ सायलेन्सरमध्येच गणतो. प्रत्यक्षात तो सायलेन्सरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला असतो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीसदृश वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिसूक्ष्म थर असतो. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तीन घातक वायूंचे निराकरण तो एकाच वेळी करतो. २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान गाठल्याखेरीज त्याचे काम नीट सुरू होत नाही. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. शिसेयुक्त पेट्रोलने तो निकामी होत असल्यामुळे शिसेविरहित पेट्रोलही त्याच वेळी तेथे आले.

दिवा नेमके काय मोजतो

गाडीचा संगणक धुरातील विषारी वायू मोजत नाही. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. त्यांच्या नोंदींची तुलना करून तो अंदाज बांधतो. कन्व्हर्टरच्या थरात सेरियमचे ऑक्साइड मिसळलेले असते. मिश्रणात हवा जास्त झाली की ते ऑक्सिजन साठवते आणि इंधन जास्त झाले की तो सोडते. हा साठा भरपूर असला, की पुढच्या सेन्सरवर होणारे चढउतार मागच्या सेन्सरपर्यंत पोचत नाहीत. साठा आटला की ते तसेच मागे उमटतात. संगणक त्यावरून कार्यक्षमता मर्यादेखाली गेल्याचा निष्कर्ष काढतो आणि पी-०४२० हा कोड नोंदवतो. व्ही आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बाजूसाठी पी-०४३० येतो. आपल्या रस्त्यांवरील बहुसंख्य चार सिलिंडरी गाड्यांना एकच बाजू असल्याने पहिलाच कोड दिसतो.

सारे कोडे येथेच आहे. हवेची गळती किंवा मंदावलेला सेन्सर या तुलनेत खोट घालू शकतो आणि मग चांगला कन्व्हर्टरही दोषी ठरतो. उलट, नवा कोरा पण कमी साठवणक्षमतेचा कन्व्हर्टर संगणकाच्या नजरेत म्हाताराच दिसतो.

आधी कोड वाचा, मग पुसा

दिवा पेटताच स्कॅनर लावून कोड पुसून टाकणे ही सर्वांत मोठी चूक आहे. कोडबरोबर बिघाडाच्या क्षणाची नोंदही साठवलेली असते. इंजिनचे तापमान, वेग, फेरे, इंधनाचे प्रमाण वगैरे. पुसताना तीही जाते. स्टिअरिंगखालच्या भागात सोळा पिनांचे सॉकेट असते. त्यात बसणारे, मोबाइलशी जोडले जाणारे छोटे स्कॅनर काही शे रुपयांत मिळतात आणि एवढ्या कामाला ते पुरेसे आहेत. मोबाइलच्या पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

पी-०४२० बरोबर दुसरा कोणताही कोड असेल, तर आधी तो निस्तरावा. पी-०३०० ते पी-०३०४ हे मिसफायरचे, पी-०१७१ हवा जास्त असल्याचा, पी-०१७२ इंधन जास्त असल्याचा. पी-०१३५ आणि पी-०१४१ हे अनुक्रमे पुढच्या व मागच्या सेन्सरच्या हीटरचे. कन्व्हर्टर बदलल्यावर लगेचच, म्हणजे त्याच दिवशी दिवा लागला, तर बहुधा हा शेवटचा गट असतो आणि दोष जोडणीत असतो. पी-०४२० सहसा इतक्या घाईने येत नाही. कन्व्हर्टरची चाचणी इंजिन तापल्यावर आणि गाडी काही वेळ एकसारख्या वेगाने चालल्यावरच होते. बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष आढळला तरच दिवा पेटतो. म्हणून पणजीच्या बाजारपेठेत किंवा मडगावच्या रहदारीत चारचार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत दिवा आठवडाभर शांत राहतो आणि रविवारी काणकोणला जाऊन आले की पेटतो. मालकाला वाटते, लांबच्या प्रवासाने काहीतरी बिघडले. वास्तविक चाचणीच त्या दिवशी पूर्ण झालेली असते.

दिवा स्थिर असेल तर गाडी जपून चालवून गॅरेज गाठता येते. तो लुकलुकत असेल तर मात्र तो मिसफायरचा इशारा आहे. सिलिंडरात न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतील वीट वितळू शकते. वेग ताबडतोब कमी करावा आणि अशी गाडी घाटात दामटू नये. तापलेल्या कन्व्हर्टरची गाडी वाळलेल्या गवतावर उभी करणेही धोक्याचे. पेट घेण्यास तेवढे पुरते.

गळती, वायर आणि जोडणी

कन्व्हर्टर बदलताना जुने सांधे उघडले जातात आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत गंजलेले बोल्ट तुटणे हे नेहमीचेच. घाईत जुनेच गॅस्केट परत बसवले जाते किंवा वेल्डिंगमध्ये सुईएवढे छिद्र राहते. धूर बाहेर येतो एवढाच त्याचा परिणाम नाही. धुराच्या दोन झोतांमधल्या क्षणी पाइपात दाब घटतो आणि त्याच छिद्रातून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढच्या सेन्सरला ती हवा दिसली, की संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो. मागच्या सेन्सरला दिसली, तर कन्व्हर्टर निकामी ठरतो. थंड इंजिन सुरू करताच येणारा टक्-टक् आवाज आणि सांध्याभोवतीचे काजळीचे डाग या गळतीच्या खुणा आहेत. इंजिन बंद व थंड असताना मागच्या नळीतून व्हॅक्यूम क्लीनरने हवा फुंकून सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडले, की बुडबुडे जागा दाखवतात.

त्यानंतर वायरी पाहाव्यात. सेन्सरची वायर पाइपाला टेकून वितळली आहे काय? दोन्ही सेन्सरचे कनेक्टर सारखे असलेल्या गाड्यांत ते उलटसुलट जोडले गेले आहेत काय? कन्व्हर्टरवर धुराच्या दिशेचा बाण असेल, तर तो मागच्या बाजूस आहे काय? सांधे बुजवायला साधे सिलिकॉन सीलंट वापरले असेल, तर त्याच्या वाफा सेन्सर निकामी करतात. सेन्सरला चालेल असेच सीलंट हवे.

काही गाड्यांत दोन कन्व्हर्टर असतात, एक इंजिनला चिकटून आणि दुसरा गाडीच्या तळाखाली. अशा अनेक गाड्यांत दुसरा सेन्सर पहिल्या कन्व्हर्टरच्या लगेच मागे बसवलेला असतो. तेथे तळाखालचा कन्व्हर्टर बदलून पी-०४२० जाणारच नाही. भाग नवा, पैसे खरे, पण बदललेली वस्तूच वेगळी. नवा भाग मागवण्यापूर्वी मागचा सेन्सर कोठे आहे, हे वाकून पाहिले तर हा घोळ टळतो.

जुना कन्व्हर्टर कशाने गेला?

कन्व्हर्टर सहसा आपल्या मरणाने मरत नाही. खराब प्लग वा कॉइलमुळे होणारे मिसफायर, गळका इंजेक्टर, पिस्टन रिंग झिजून जळणारे ऑइल, हेड गॅस्केटमधून सिलिंडरात उतरणारा कूलंट. यांपैकी कोणीतरी त्याचा घात केलेला असतो. ऑइलमधील फॉस्फरस व जस्त आणि कूलंटमधील सिलिका त्या मौल्यवान थरावर पुट चढवतात. मूळ रोग तसाच ठेवला तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जातो, स्वस्त असेल तर अधिक लवकर. ऑइल किंवा कूलंट वारंवार भरावा लागतो का, याचे प्रामाणिक उत्तर मालकानेच द्यायचे असते.

स्कॅनरवरची ‘फ्युएल ट्रिम’ ही नोंद येथे उपयोगी पडते. तापलेल्या इंजिनात ती शून्याच्या आसपास असावी. उणे वा अधिक १० टक्क्यांपलीकडे ती टिकून राहत असेल, तर कन्व्हर्टर सोडून हवा-इंधनाच्या व्यवस्थेकडे वळावे.

हे सारे निर्दोष निघाले, की सेन्सरचा आलेख पाहावा. इंजिन चांगले तापवून सुमारे २५०० फेऱ्यांवर धरले असता जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वरखाली होतो, मागचा ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळपास स्थिर राहावा. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला, तर कन्व्हर्टरची साठवण संपली आहे. अनेक नव्या गाड्यांत पुढे वेगळ्या जातीचा, हवा-इंधनाचे प्रमाण थेट सांगणारा सेन्सर असतो व तो असा नाचत नाही. तेथे केवळ मागच्याच्या स्थिरतेवर लक्ष ठेवावे.

स्वस्ताईचा हिशेब

प्लॅटिनम गटातील धातू महाग आहेत. इतके, की महाराष्ट्र व गुजरातेत ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरून कन्व्हर्टरमधली ‘माती’ विकणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्याच्या बातम्या वाचकांनी वाचल्या असतील. पर्यायी कन्व्हर्टर स्वस्त असतो, तो मुख्यतः याच धातूंच्या आणि सेरियमच्या मात्रेत काटकसर केल्यामुळे. नवा असताना तो चाचणीत कसाबसा उत्तीर्ण होतो. काही महिन्यांच्या उष्णतेने साठवण घटली, की दिवा पेटतो. गळती नाही, सेन्सर ठीक, ट्रिम ठीक, तरीही पी-०४२० परत येत असेल, तर दिवा खरे बोलतो आहे असे समजावे.

तेव्हा पुढे येते ती सेन्सर फसवण्याची युक्ती. मागच्या सेन्सरखाली लांब नळी बसवून त्याला धुरापासून दूर ठेवायचे किंवा संगणकातून ती चाचणीच काढून टाकायची. दिवा विझतो, धूर तोच राहतो आणि उद्या खरा बिघाड झाला तरी कोणी सांगणारे उरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, आणि तीन महिने वाहन परवान्यास अपात्रता अशी तरतूद आहे.

‘पीयूसी मिळाले, म्हणजे कन्व्हर्टर ठीक’ हा समजही अपुरा. बीएस-४ व बीएस-६ पेट्रोल मोटारींच्या या तपासणीत इंजिन मंद चालत असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. वाढीव फेऱ्यांवर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के. नायट्रोजनची ऑक्साइडे तेथे मोजलीच जात नाहीत. अर्धमेला कन्व्हर्टर असलेली गाडीही प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकते.

पर्यायी भागच घ्यायचा असेल, तर तो आपल्या गाडीच्या इंजिनासाठी व उत्सर्जन मानकासाठी बनवलेला आहे का, आणि पी-०४२० परत आल्यास तो बदलून मिळेल का, हे बिलावर लिहून घ्यावे. गाडी वॉरंटीत असेल, तर बाहेरचा भाग बसवण्याआधी वॉरंटीची पुस्तिका वाचावी. आणि काढलेला जुना कन्व्हर्टर गॅरेजमध्ये सोडून येऊ नये. त्यातील धातूंना भंगारातही चांगला भाव असतो. तो परत मागावा किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी.